मराठी छापील पानाची घडण

पुस्तक हाती घेणारा मनुष्य मजकूर वाचतो. पान वाचीत नाही. अक्षर केवढे आहे, दोन ओळींमध्ये अंतर किती सोडले आहे, चारी बाजूंस समास किती राखला आहे, चित्र कोठे बसविले आहे, या गोष्टी नीट जमल्या असल्या म्हणजे त्या वाचकाच्या ध्यानातही येत नाहीत. त्या बिघडल्या असल्या म्हणजे मात्र डोळे शिणतात, पुस्तक मिटले जाते, आणि दोष बहुधा लेखकाच्या माथी येतो. ही घडण पूर्वी छापखान्यातील जुळाऱ्याच्या हाती असे व ती त्याला वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने साध्य होई. आता संगणकाच्या योगाने शाळेचे वार्षिक, संस्थेची स्मरणिका, कुळाचा वृत्तान्त, लग्नाची पत्रिका ही सर्व घरोघर जुळविली जातात. साधन सर्वांच्या हाती आले, परंतु त्याबरोबर यावयास हवा होता तो विचार मागे राहिला. म्हणून मराठी पान आजच्या रूपास कसे आले हे पाहणे केवळ कुतूहलाचे नव्हे, तर उपयोगाचेही आहे.

मराठी पानाचा मूळपुरुष म्हणजे पोथी. बोरूने, काजळाच्या शाईने, जुन्नरच्या किंवा दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याच्या घोटलेल्या कागदावर लिहिलेले ते आडवे, सुटे पान. त्याचा आडवेपणा ताडपत्रापासून आला. ताडपत्राची पाने दोरीत ओवण्यासाठी मध्यभागी भोक पाडीत. कागद आल्यावर भोकाचे कारण उरले नाही, तरी कित्येक लेखक पानाच्या मधोमध थोडी जागा कोरी ठेवीत किंवा तेथे नक्षी काढीत. साधन बदलले तरी रूप लगेच बदलत नाही, हा धडा मुद्रणाच्या इतिहासात पुढेही पुन्हापुन्हा भेटतो.

पोथीचा लेखक पान आखल्यावाचून लेखणी उचलीत नसे. डावीउजवीकडे तांबड्या दुहेरी रेघा मारून तो समास बांधून घेई. पोथी वाचताना पान दोन्ही हातांनी दोन्ही टोकांस धरावयाचे असे, म्हणून त्या बाजूंस जागा जास्त सोडलेली असे. बोटांचा घाम अक्षरांस लागू नये हा त्यातील हेतू. मूळ ग्रंथ व त्याची टीका एकत्र द्यावयाची असल्यास मूळ श्लोक मोठ्या अक्षरात मध्ये, आणि टीका बारीक अक्षरात वर व खाली, अशी त्रिपाठी मांडणी करीत. अध्यायाची समाप्ती, दंड व श्लोकांक हे गेरूने तांबडे करीत. चुकलेले अक्षर खोडून पान विद्रूप करण्याऐवजी त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत. एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे हा वाक्प्रचार मराठीत तेथूनच आला. एका बाबतीत मात्र पोथी वाचकाला निष्ठुर होती. शब्दाशब्दांत अंतर नसे, स्वल्पविराम नसे, परिच्छेद नसे. शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावे, आणि पदच्छेद करणे हे वाचकाच्या विद्वत्तेवर सोपविलेले असे.

हिंदुस्थानात छापण्याचे यंत्र प्रथम आले ते गोव्यास, १५५६ साली. तेथील जेझुइट पाद्र्यांनी सेंट पॉल विद्यालयात ते चालू केले. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापून निघाले. परंतु ते रोमन लिपीत. भाषा मराठी आणि वेष परका, असे ते पहिले मराठी छापील पान होय. देवनागरीचे खिळे पाडण्याचे काम कष्टाचे असल्यामुळे पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ते लांबले. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणिसांच्या मनात गीता छापण्याचे आले होते. नाना १८०० साली वारले. परंतु ती कल्पना मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने सिद्धीस गेली आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून गीता छापण्यात आली. त्याच साली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले व त्यात देवनागरी खिळे वापरले. एकाच वर्षी हे दोन प्रयत्न व्हावेत आणि त्यांतील एकाचाच वंश वाढावा, याचे कारण कळणे कठीण नाही. कोरलेला पत्रा एकाच पानाच्या कामी येतो. सुटा खिळा आज गीतेत, उद्या गणितात आणि परवा जाहिरातीत बसतो.

हे सुटे खिळे तयार कसे होत? प्रथम पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे व उठावाचे कोरीत. ती कांडी म्हणजे ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे त्यात अक्षराची खोलगट छाप उमटे; हा साचा. साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. इंग्रजीस अशा प्रकारे शंभराच्या आतबाहेर ठसे पुरतात. देवनागरीत मुळाक्षरे, त्यांची जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, मात्रा, उकार आणि त्यांचे एकमेकांशी होणारे संयोग धरून ही संख्या चारपाचशेंच्या घरात जाई. प्रत्येक ठसा हाताने कोरावयाचा; आणि शिरोरेघ केसभर खालीवर झाली की सारी ओळ दातऱ्या करवतीसारखी दिसावयाची!

मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली छापखाना काढून गुजराती मुद्रणाचा पाया घातला. मराठीच्या बाबतीत ते काम अमेरिकन मिशनच्या छापखान्याने केले. त्याचे मराठी मुद्रण १८१७ साली सुरू झाले ते कलकत्त्याकडील खिळ्यांवर. ती अक्षरे ओबडधोबड होती व त्यांचे वळणही महाराष्ट्रातील बाळबोध लेखनाचे नव्हते. १८३५ नंतर टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली तेथे नवे ठसे तयार होऊ लागले आणि अक्षराला सुबकपणा आला. मोडीचेही खिळे श्रीरामपुरास पाडलेले होते व केरींचा १८१० सालचा मराठी कोश मोडीतच छापलेला आहे. तथापि मोडीचा सारा गुण लेखणी न उचलता अक्षरे साखळीसारखी गुंफण्यात. ती साखळी तोडून सुट्या खिळ्यांत बसवावयाची म्हणजे धावत्या घोड्याचे पाय बांधण्यासारखेच. म्हणून मोडी दप्तरात राहिली आणि छापखान्यात बाळबोधाची प्रतिष्ठा झाली.

खिळ्यांचा खर्च ज्यांना झेपत नव्हता त्यांच्या मदतीस शिळाप्रेस आला. बव्हेरियातील सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही कृती पाणी आणि चरबी यांच्या वैरावर चालते. चुनखडीच्या विशिष्ट दगडावर चरबीयुक्त शाईने लिहावयाचे, दगड ओला करावयाचा आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागास शाई लागत नाही, लिहिलेल्या भागासच लागते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनमध्ये हे काम पाहून स्वतःचा लाकडी दाब तयार केला, शाईचे प्रयोग स्वतः केले, आणि १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. त्या काळी छापील ग्रंथ हाती धरण्यासही सोवळे लोक बिचकत. शाईत प्राण्याची चरबी असते, तेव्हा धर्मग्रंथ तिने छापावे कसे? यावर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घालण्याची तोड काढली, असे सांगतात. त्यांच्या खटपटीची हकीकत गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात नोंदविली आहे. पुढे त्यांनी खिळेही पाडले.

शिळाछापाने एक मोठी सोय केली. वाचकाच्या डोळ्यांना जे पान ओळखीचे होते तेच त्याला छापून मिळाले. हस्ताक्षर लेखकाचे, पान आडवे, कडेला दुहेरी रेघ आणि मध्ये मूळ. लोकांच्या मनातील छापील ग्रंथाविषयीचा परकेपणा जाण्यास या ओळखीच्या रूपाचे साहाय्य झाले. नवी कला जुन्या वेषात आली म्हणून घरात शिरली.

खऱ्या अर्थाने पान बदलले ते वर्तमानपत्रांनी व शाळेच्या पुस्तकांनी. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ सुरू झाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत. एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी त्याचेच मराठी. दोन भाषा समोरासमोर उभ्या करण्याचा हेतू त्या मांडणीनेच प्रकट होई. प्रस्तावना न वाचणारासही तो कळावा. पानाची आखणी ही शोभा नसून विधान असते, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण. शालेय पुस्तकांच्या निमित्ताने शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची चाल रूढ झाली. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर छोटे पुस्तक लिहून स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची मराठीस ओळख करून दिली. अंतर, विराम आणि परिच्छेद या तीन सुधारणांनी वाचनाचे स्वरूपच पालटले. पोथी मोठ्याने म्हणावयाची असे. छापील पान मनातल्या मनात, एका दृष्टिक्षेपात, वाचता येऊ लागले. शास्त्र्याच्या बैठकीत होणारे पदच्छेदाचे काम आता कोऱ्या जागेने फुकट करून दिले, आणि वाचन ही थोडक्यांची मिरास न राहता शाळेत गेलेल्या प्रत्येक पोराची मत्ता झाली.

सौंदर्याचा कळस मात्र जावजी दादाजी यांच्या हातून चढला. १८३९ साली जन्मलेले जावजी लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दोन रुपये पगारावर लागले व ग्रॅहॅमसाहेबांच्या हाताखाली खिळे घासता घासता त्यांनी ती विद्या आत्मसात केली. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल ठसेकार त्यांना लाभला. निर्णयसागरच्या अक्षराचे वळण बोरूचे आहे. जाड व बारीक रेघांचा तोल बोरूच्या तिरप्या टोकाने जसा पडतो तसा त्यात सांभाळलेला आहे. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या मालिकेने आणि सटीक संस्कृत ग्रंथांनी हा छापखाना देशभर व परदेशातील पंडितांतही प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथांचे पान पाहण्यासारखे आहे. वर मोठ्या खिळ्यांत मूळ श्लोक, त्याखाली लहान खिळ्यांत टीका आणि अगदी तळाशी आणखी बारीक खिळ्यांत पाठभेद. पोथीची त्रिपाठी मांडणीच येथे उभ्या पानात नव्याने बसविलेली दिसते. तीन प्रकारचा मजकूर, तीन आकारांची अक्षरे. नजर एका क्षणात हव्या त्या मजल्यावर उतरते. आज जाड, तिरप्या आणि रंगीत अक्षरांची गर्दी करून जे साधत नाही, ते निर्णयसागरने केवळ आकाराच्या क्रमाने साधले.

या देखण्या पानामागे जुळाऱ्याचे श्रम किती होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. खिळ्यांची घरे असलेल्या पेट्या त्याच्यापुढे व दोन्ही बाजूंस मांडलेल्या असत. इंग्रजीचा जुळारी एका जागी उभा राहून हात हलवी, मराठीच्या जुळाऱ्यास अंग वळवावे लागे. जुळणीच्या पद्धतीही दोन. अखंड पद्धतीत काना, मात्रा, उकार यांसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे. रूप सुंदर, पण खिळे असंख्य. डिग्री पद्धतीत अक्षराचा खिळा उंचीने लहान करून वरच्या मात्रा व खालचे उकार स्वतंत्र तुकड्यांनी तीन थरांत जुळवीत. खिळे कमी, पण थर सरकण्याची भीती फार. छापताना एखादा अनुस्वार उडाला की ‘मंद’ माणूस ‘मद’ होऊन बसे!

येथूनच लिपीसुधारणेच्या वादास तोंड फुटले. पाश्चात्य देशांत ओळीच्या ओळी ओतणारी यंत्रे आली होती. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर नव्वद कळा. त्यांत चारपाचशे खिळ्यांचा संसार मावणार कसा? मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रांत शोध लावून इंग्लंड-अमेरिकेत नाव मिळविले, परंतु नागरीचा प्रश्न यंत्राच्या वेगाचा नव्हता, अक्षरांच्या संख्येचा होता. लोकमान्य टिळकांनी खिळे कमी करण्याच्या कामी लक्ष घातले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी स्वतंत्र इ, उ, ए काढून टाकून अकारालाच वेलांटी, उकार व मात्रा लावाव्या असे सुचविले, आणि काही नियतकालिके तशी छापलीही गेली. न्यूयॉर्कमध्ये हरि गोविंद गोविल यांच्या प्रयत्नाने लायनोटाइपवर नागरी बसविण्यात आली. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असा ठराव झाला. तो लोकांच्या पचनी पडला नाही व पुढे मागे घ्यावा लागला.

या वादात दोन्ही बाजूंस कळकळीची माणसे होती, हे विसरून चालणार नाही. सुधारकांचे म्हणणे असे की, ज्या लिपीची वर्तमानपत्रे सावकाश व महाग छापली जातात, ती लिपी वापरणारा समाज ज्ञानात मागे राहतो. चार वळणे गेली तर काय बिघडले? प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, यंत्र आज आहे आणि उद्या मोडीत जाईल, अक्षर मात्र हजार वर्षांचे आहे. पादत्राण बोचते म्हणून पाय कापावयाचा नसतो. त्या वेळी पहिले म्हणणे अधिक व्यवहाराचे वाटे. काळाने कौल दुसऱ्या बाजूस दिला. शिशाचे खिळे गेले, प्रकाशाने अक्षर उमटविणारी यंत्रे आली, तीही मागे पडली आणि संगणक आला. संगणकास चारशे काय आणि हजार काय, सारखेच. ज्या अडचणीसाठी अक्षरांचे अवयव छाटावयाचे होते ती अडचणच नाहीशी झाली. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही खास मराठी वळणेही पुन्हा प्रमाण ठरली. सुधारकांचे श्रम मात्र वाया गेले असे म्हणता येणार नाही; अक्षराचे अवयव वेगळे करून पाहण्याची जी दृष्टी त्यांनी दिली, तीवरच नागरीचे संगणकीय रूप उभे आहे.

चित्रांची कथा थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. आरंभी लाकडावर कोरलेले ठसे खिळ्यांबरोबर बसवीत. रंगीत चित्रांसाठी शिळाप्रेस उपयोगी पडला. १८७८ साली पुण्यास निघालेल्या चित्रशाळेने देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर नेली, आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने तोच प्रकार अधिक भपक्याने केला. प्रत्येक रंगास वेगळा दगड, आणि प्रत्येक दगड मागच्या रंगावर तंतोतंत बसला पाहिजे. छायाचित्र छापण्याची युक्ती यानंतरची. काळ्यापांढऱ्यामधील करड्या छटा शाईने देता येत नाहीत. म्हणून आखीव काचेच्या जाळीतून चित्राचे लहानमोठे ठिपके पाडावयाचे व ठिपक्यांच्या दाटीने छटेचा भास निर्माण करावयाचा. या हाफटोन ब्लॉकच्या शास्त्रात कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी स्वतंत्र संशोधन केले व ते इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्धही झाले.

ब्लॉकच्या जमान्यातील चित्रकार काही नियम पाळीत. रेखाचित्र छापावयाच्या मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढावयाचे, कारण लहान करताना हाताचे कंप लपतात. परंतु अतिशय बारीक रेघ टाळावयाची, कारण लहान करताना तीही लपते. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करावयाची, कारण त्या काळच्या छायाचित्राच्या काचेवर ती रेघ उठत नसे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास इंचात पंचावन्न ते पासष्ट रेघांची जाळी, आर्ट पेपरास एकशे तेहेतीस ते दीडशेंची. खरबरीत कागदावर बारीक जाळी वापरली की ठिपके शाईने भरून जातात व चित्राची जागा एक काळा डाग घेतो. काच गेली, पण हे गणित गेलेले नाही. आज छायाचित्रास छापावयाच्या मापात इंचाला ३०० बिंदू हवेत असे सांगतात, ते दीडशे रेघांच्या जाळीच्या दुपटीने. म्हणून ३०० बिंदूंचे दोन इंची चित्र सहा इंच ताणले की ते शंभराचे होते आणि धुरकट दिसते. पडद्यावर ते झकास दिसले, ही साक्ष छपाईच्या न्यायालयात ग्राह्य नाही.

आता या साऱ्या इतिहासाचा व्यवहारात उपयोग काय, तो पाहू. पहिली गोष्ट कागदाची. मजकूर जुळविण्यापूर्वी पुस्तकाचा आकार व पाने ठरवावी. मोठा ताव छापून त्याच्या घड्या घालतात, म्हणून पाने आठ किंवा सोळांच्या पटीत निघतात. एकशे तीस पानांचा मजकूर एकशे अठ्ठावीस पानांत बसविता आला तर सोळांचे आठ फर्मे पुरतात. न बसल्यास दोन पानांसाठी नवा तुकडा जोडावा लागतो. कागदाचे तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असावे. आडवे असल्यास पुस्तक नीट उघडत नाही व पाने लहरतात. साध्या कागदाच्या घड्या घालून, पाने क्रमांकित करून एक नमुनापुस्तिका आधी हातानेच तयार करावी. छापखान्यातील जुने लोक हे काम कधी चुकवीत नसत.

दुसरी गोष्ट समासाची. उघडे पुस्तक म्हणजे दोन पाने नव्हेत; समोरासमोरची दोन मिळून एकच चित्र होते. म्हणून आतला समास सर्वांत लहान, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा त्याहून मोठा आणि तळाचा सर्वांत मोठा, ही जुनी प्रथा अजूनही उत्तम. पुस्तक जाड असून पाठीला डिंकाने चिकटविलेले असेल तर आतला समास वाढवावा. नाहीतर ओळींची टोके शिवणीत बुडतात. पोथीच्या लेखकाने बोटांसाठी सोडलेली जागा आजही बोटांसाठीच सोडावयाची आहे.

तिसरी आणि मराठीस सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओळींमधील अंतराची. नागरीचे अक्षर तीन मजली आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. संगणकातील तयार मापे बहुधा रोमन अक्षरांसाठी ठरविलेली असतात व त्यात बारा पॉइंटच्या अक्षरास सुमारे साडेचौदा पॉइंटची ओळ धरतात. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. नागरीस हे अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. बारा पॉइंटच्या नागरीस सतरा-अठरा पॉइंटची ओळ द्यावी. त्याच मापात नागरी अक्षराचा मधला मजला लहान दिसतो; तेव्हा जेथे इंग्रजी दहा पॉइंटात सुखाने वाचता येते तेथे मराठीस बारा तरी हवेत. लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी त्याहून मोठे. कागद वाचविण्यासाठी अक्षर बारीक करणे म्हणजे वाचकाच्या डोळ्यांतून कागदाची किंमत वसूल करणे होय.

चौथी गोष्ट ओळीच्या लांबीची. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा अट्टहास केला म्हणजे शब्दाशब्दांत खिंडी पडतात आणि पानावरून पांढरे ओहळ वाहू लागतात. पुस्तकाच्या ओळीत आठ ते दहा शब्द बरे. पाच शब्दांहून कमी बसत असतील तर उजवी कड मोकळी सोडावी. शब्द तोडावाच लागला तर अक्षराच्या सीमेवर तोडावा. जोडाक्षर फोडू नये, आणि उपसर्ग किंवा प्रत्यय जेथे संपतो तेथे तोडल्यास वाचक अडखळत नाही.

पाचवी गोष्ट अक्षरांच्या जातींची. एका पुस्तकात दोन जाती पुरेत. एक मजकुराची, एक शीर्षकांची. महत्त्व दाखविण्यासाठी निर्णयसागरप्रमाणे आकाराचा क्रम लावावा. तिरपे अक्षर ही इटलीतील लेखकांच्या घाईच्या हस्ताक्षरातून आलेली रोमन रीत आहे. नागरी अक्षर नुसते कलंडविले तर ते केवळ पडल्यासारखे दिसते.

छापखान्याकडे काम पाठविताना आणखी चार गोष्टी सांभाळाव्या. चित्र किंवा रंग पानाच्या कडेपर्यंत न्यावयाचा असेल तर तो कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवावा, नाहीतर कापताना पांढरी चीर राहते. पडद्यावरील रंग तांबडा, हिरवा, निळा या प्रकाशाच्या रंगांतून होतात, कागदावरील रंग आकाशी, किरमिजी, पिवळा व काळा या शाईंतून. ते रूपांतर आधीच करून पाहावे. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. चार शायांतून बनविलेला काळा रंग केसभर सरकला तरी अक्षराला भुताची सावली पडते, हे चित्रशाळेच्या दगडांपासून चालत आलेले दुखणे आहे. आणि अक्षरांची वळणे फाईलीतच गुंफून पाठवावी.

शेवटी मुद्रिते. संगणकाच्या पहिल्या काळात प्रत्येक कारखान्याने मराठी अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले होते. १९९१ पासून युनिकोडने सर्व भाषांच्या अक्षरांस एकच क्रमांकन देण्यास आरंभ केला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपींच्या संगणकीकरणास मोठा हातभार लावला आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेले ‘मंगल’ हे अक्षर जगभरच्या संगणकांवर गेले. परंतु जुन्या पद्धतीत जुळविलेला मजकूर नव्यात आणताना रफार पुढच्यामागच्या अक्षरावर उडी घेतो, ‘तऱ्हा’ व ‘दुसऱ्या’ यांतील चंद्रकोरीसारखा र मोडतो आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरास चिकटते. म्हणून छपाईपूर्वीची शेवटची प्रत पडद्यावर नव्हे, कागदावर वाचावी. एकदा अर्थासाठी, एकदा अक्षरांसाठी. आणि आकडे, नावे, शीर्षके व पृष्ठांक यांची फेरी निराळी करावी. ज्याने मजकूर लिहिला त्याने एकट्याने तो तपासू नये, कारण तो कागदावर आहे ते न वाचता मनात आहे ते वाचतो.

बोरूवाल्या लेखकाने, गणपत कृष्णाजींनी आणि जावजींनी वापरलेली साधने परस्परांहून अगदी भिन्न होती. तिघांनीही मात्र हातातील साधनाला काय सोपे जाते हे न विचारता वाचणाराला काय सोपे जाते हे विचारले. पान जुळवावयास बसणाराने तयार मापे स्वीकारण्यापूर्वी हा प्रश्न एकदा स्वतःस विचारला, एक पान छापून ते घरातील वडीलधाऱ्या माणसास दिव्याच्या उजेडात वाचावयास दिले, आणि त्याने पुस्तक डोळ्यांपासून दूर किंवा जवळ न नेता ते वाचले, तर मांडणी साधली असे खुशाल समजावे.